पुडा, डबा आणि गोंदियाचे धान

१९९९ साली दोन जन्म झाले. पहिला १ मे रोजी, सरकारदरबारी रीतसर नोंद होऊन: भंडारा जिल्ह्याची वाटणी झाली आणि गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. दुसरा जन्म कोणत्या मुहूर्तावर झाला हे कुडमुड्या जोशालाही सांगता यायचे नाही. परंतु त्याच वर्षी 'कुरकुरे' नावाचे एक वेडेवाकडे, नारिंगी रंगाचे बाळ भारताच्या बाजारात रांगू लागले. आज दोघांनीही पंचविशी ओलांडली आहे. घोडनवरेच म्हणा ना! तेव्हा दोघांच्या पत्रिका एकदा शेजारी ठेवून पाहायला हरकत नाही.

कुरकुऱ्यांची पत्रिका पुड्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेली असते. भिंग लावून वाचावी: तांदळाचे पीठ, मक्याचे पीठ, हरभऱ्याचे पीठ, तेल, मसाला, मीठ. आता तांदूळ म्हटला की पूर्व विदर्भातला माणूस कान टवकारणारच. गोंदिया म्हणजे धानाचे कोठार. पावसाळ्यात आगगाडीच्या खिडकीतून पाहावे तर आमगावपासून तिरोड्यापर्यंत बांध्याच बांध्या. गावात शिरावे तर भातगिरण्यांचा भोंगा आणि तुसाचा वास. अशा या गावात कोणत्याही पानठेल्यापुढे उभे राहा. डोक्यावर पुड्यांचे तोरण लोंबत असते. ते इतके दाट, की आतला दुकानदार दिसण्याआधी त्याचा हात दिसतो. ज्या मुलुखातून तांदूळ पोत्यांनी बाहेर जातो, त्याच मुलुखात तो पाच-पाच रुपयांच्या पुड्यांतून, मसाला लावून आणि हवा भरून, माहेरपणाला परत येतो. लेक माहेरी आली तर आपण तिला काही देऊन पाठवतो. ही लेक मात्र येताना बापाच्याच खिशात हात घालते.

प्रक्रियेला नावे ठेवण्यापूर्वी

हल्ली सुशिक्षित घरांत 'प्रक्रिया केलेले अन्न' हे शब्द उच्चारताना नाक थोडे वर करण्याची पद्धत पडली आहे. जणू आपले आजे-पणजे शेतात वाकून धानाच्या लोंब्याच चघळत होते! वस्तुतः धान हे पीक असे आहे, की त्याच्यावर प्रक्रिया केल्याखेरीज ते माणसाच्या उपयोगाचे नाही. तूस काढावे लागते, कोंडा काढावा लागतो, कणी वेगळी करावी लागते. तूस बॉयलरमध्ये जळते, कोंड्यातून तेल निघते, कणीचे पीठ होते. गिरणीत काही वाया जात नाही. जाते ती फक्त शेजाऱ्यांची झोप.

शिवाय गोंदियाच्या गिरण्यांत तांदळाच्या दोन जाती. जात म्हणजे बियाण्याची नव्हे, संस्काराची. धान तसेच भरडले तर तो 'अरवा'. आणि धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडले तर तो 'उष्णा'. या वाफवण्यात मोठी खुबी आहे. कोंड्यालगतची जीवनसत्त्वे पाण्याबरोबर दाण्याच्या पोटात शिरतात आणि कोंडा निघून गेला तरी बरीचशी आतच राहतात. ही रीत आपल्या देशात फार जुनी. पुढे लंडनमधल्या एरिक हुझेनलाब नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने यंत्रांच्या साहाय्याने तीच गोष्ट शास्त्रशुद्ध केली, तिची पेटंटे घेतली, आणि अमेरिकेत 'अंकल बेन्स' या नावाचा तांदूळ विक्रीस आला. महायुद्धात हा तांदूळ अमेरिकी फौजेच्या शिधापत्रिकेवर होता. आपल्याकडे जी गोष्ट चुलाणावरच्या मडक्यात होत होती, तिने समुद्रापलीकडे जाऊन कोट-पाटलोण चढवली, एवढाच फरक!

पोह्यांचे तेच आणि मुरमुऱ्यांचेही तेच. मुरमुऱ्याला आमच्याकडे 'मुर्रा' म्हणतात, आणि या एका शब्दात त्याचा आवाज आणि हलकेपणा दोन्ही आले. भट्टीवाला तापलेल्या वाळूत उष्णा तांदूळ टाकतो. दाण्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफ झालेले पाणी सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. बिचाऱ्या दाण्याला ती द्यावी लागते, आणि तो फुगतो. कुरकुऱ्यांच्या कारखान्यातही याहून निराळे काही घडत नाही. ओलसर पीठ एका लांब नळकांड्यातून, मळसूत्राच्या रेट्याने, दाबाखाली आणि उष्णतेत पुढे सरकते. तोंडाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडताच दाब एकदम सुटतो, पाण्याची वाफ होते आणि पीठ फुलते. मग तेल आणि मसाला. म्हणजे आपला भडभुंजा आणि परदेशी कंपनीचा अभियंता हे एकाच गुरूचे शिष्य. त्या गुरूचे नाव वाफ.

अमेरिकेत तर याचा केवढा सोहळा झाला! अलेक्झांडर अँडरसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने तांदूळ फुगवण्याची युक्ती शोधली आणि १९०४ च्या सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात चक्क तोफांतून तांदूळ उडवून दाखवला. पुढे 'तोफेतून डागलेले अन्न' अशी त्याची जाहिरातही झाली. आमच्या भट्टीवाल्याने तोफ न वापरता, एका कढईत आणि चाळणीवर, हेच आयुष्यभर केले; पण त्याला प्रदर्शनात कोणी बोलावले नाही.

डब्यातले मांस, अर्थात झाकली मूठ

वाफेने तांदूळ फुगतो. मांसाचे मात्र तसे नाही. ते फुगले तर फेकूनच द्यावे लागते. ते टिकवायचे कसे, या प्रश्नाने राजेरजवाड्यांना आणि सेनापतींना फार छळले आहे. कारण सैन्य पोटावर चालते आणि पोट रोज ताजे मागते. या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते एका हलवायाकडून. निकोला अपेर हा फ्रान्समधला मिठाईवाला. अन्न बाटलीत भरावे, बूच घट्ट बसवावे आणि बाटली पाण्यात उकळावी, एवढीच त्याची युक्ती. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक बक्षीस दिले. हे अन्न नासत का नाही, हे खुद्द अपेरला ठाऊक नव्हते. ते कळायला लुई पाश्चर यावे लागले, आणि तोवर अर्धे शतक उलटले. आपल्या घरच्या लोणच्याचेही असेच आहे: बुरशी का येत नाही हे आजीला विचाराल तर ती सांगेल, 'ओला हात लावला नाही म्हणून!' आणि शास्त्रही शेवटी तिथेच येते.

त्याच १८१० साली पीटर ड्युरँडने लंडनमध्ये पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. गंमत अशी, की डबा आधी आला आणि डबा उघडण्याचे हत्यार आले ते १८५० नंतर. मधली चाळीस-पंचेचाळीस वर्षे लोक छिन्नी-हातोडी घेऊन जेवायला बसत. सैनिक संगिनीने डबा फोडीत. भूक लागल्यावर सुताराला बोलवावे लागणारे हे बहुधा जगातले पहिलेच पक्वान्न!

हिंदुस्थानात डबा आला तो साहेबांच्या सामानातून. साहेबाच्या मेजवानीत बाजारातल्या ताज्या मासळीपेक्षा विलायतेहून आलेल्या डब्यातल्या मासळीला मान अधिक. या वेडाची खिल्ली एका साहेबानेच उडवली आहे. कर्नल केनी-हर्बर्ट यांनी १८७८ साली मद्रासेत 'वायव्हर्न' या टोपणनावाने पाकशास्त्रावर पुस्तक लिहिले, आणि दाराशी ताजे मिळत असताना डबे कसले फोडता, अशी आपल्याच भाईबंदांची चांगली हजेरी घेतली.

मग आला तो डब्यांचा राजा, 'स्पॅम'. अमेरिकेतील हॉर्मेल कंपनीने १९३७ साली डुकराचे मांस, मीठ, साखर वगैरे घालून हा चौकोनी डबा बाजारात आणला. नाव सुचवणाऱ्याला शंभर डॉलर मिळाले. दोन वर्षांत महायुद्ध पेटले आणि हा डबा जगभर फिरला. आमच्या फौजेचे पोट या डब्याने राखले, अशी कबुली पुढे रशियाच्या ख्रुश्चेव्ह यांनी आपल्या आठवणींत दिली. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर तर युद्ध संपले तरी डबा गेला नाही. तिथले लोक भाताची वडी करतात, तिच्यावर स्पॅमची परतलेली चकती ठेवतात आणि समुद्रशैवालाच्या पट्टीने बांधतात. तांदूळ खाणारी माणसे आणि डब्यातले मांस यांची सोयरीक अशी जुळू शकते!

मग ती गोंदियात का जुळली नाही? संधी तर होती. गोंदियाजवळ बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी विमानांसाठी धावपट्टी बांधली. धावपट्टी टिकली, आज तिथे विमानतळ आहे. डबा मात्र आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू शकला नाही. धर्म आडवा आला हे खरे. डुक्कर कोणाला चालत नाही, गाय कोणाला चालत नाही. पण तेवढेच कारण नसावे. पूर्व विदर्भ हा तलावांचा मुलूख. नवेगावबांधचा प्रचंड तलाव तर आहेच, शिवाय गावोगावी मालगुजारांच्या वेळचे तलाव आहेत. तिथे ढिवर बांधवांनी सकाळी जाळे टाकले की दुपारी कालवण होते. रविवारी मटण आणायचे तर माणूस बोकड नजरेखालून घालतो, कोंबडी हातात तोलून पाहतो, आणि मासळीचे कल्ले उघडून लाल आहेत ना, याची खात्री करून घेतो. डब्याला कल्ले नसतात! झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्याला इतर सर्व बाबतींत मान्य आहे. सामिष भोजनात नाही.

टिकाऊ सामिष आपल्याकडे नाही असे नव्हे. सुकट आणि सुके बोंबील कोकणातून पार आमच्या आठवडी बाजारापर्यंत येतात, आणि ते आल्याची वर्दी अर्ध्या बाजाराला आपोआप मिळते. गोव्यात मीठ, मिरची, व्हिनेगर लावून धुरावर आणि उन्हात मुरवलेला चोरीस आहे. पण ही सारी उघड्या तोंडाची मंडळी. वास घेऊन पारखता येतात. स्पॅम गोंदियात पोहोचला तो अखेर निराळ्याच वाटेने. एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमात १९७० साली या नावाचा इतक्या वेळा पुकारा झाला, की पुढे संगणकवाल्यांनी नको असताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या संदेशांनाच 'स्पॅम' म्हणायला सुरुवात केली. आता कडक शाकाहारी गृहस्थांच्या खिशातही तो दिवसातून दहा वेळा वाजतो.

रिकाम्या डब्याचे पुण्य

१९३७ हे साल मोठे विलक्षण. तिकडे स्पॅम निघाला, त्याच वर्षी इकडे डालडाचा पिवळा डबा आला, आणि ज्या 'हल्दीराम' नावाचे नागपूरकरांना आज घरच्यासारखे वाटते ते घराणेही आपला जन्म बिकानेरात त्याच वर्षी झाल्याचे सांगते. यांपैकी डालड्याशी आपले नाते फार गमतीचे. आतल्या तुपावर लोकांनी तोंडसुख घेतले. आणि त्यात पुढे तथ्यही निघाले, कारण अशा गोठवलेल्या तेलांतील ट्रान्स फॅटवर २०२२ पासून सरकारने दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. परंतु रिकाम्या डब्याविषयी कोणी वावगा शब्द काढला नाही. त्यात तुळस लागली, डाळ राहिली, पाणी भरले गेले. चौकोनी रॉकेलचा डबा धुऊन-पुसून दिवाळीचा चिवडा भरायला निघाला. मराठी मध्यमवर्गाने डबाबंद अन्न नाकारले, पण डबा स्वीकारला!

पुड्याच्या नशिबी हा पुनर्जन्म नाही. प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ मुलामा यांचे एकावर एक थर देऊन तो केलेला असतो. आत ऑक्सिजन, ओल आणि उजेड शिरू नये म्हणून ही तटबंदी. हवेमुळे तेल खवट होते. देवदिवाळीनंतर उरलेला चिवडा ज्याने खाल्ला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणून कारखान्यात पुड्यात नायट्रोजन भरतात. पुडा फुगतो तो या कारणाने, आणि आतला माल चुरा न होता पोहोचतो तोही त्यामुळेच. मात्र पुडा रिकामा झाला की त्यात ना तुळस लागते, ना डाळ राहते. तो नालीतून तलावात जातो, आणि ढिवराच्या जाळ्यात मासळीऐवजी येतो.

इथे आपल्या स्वभावातला एक चमत्कार नमूद केला पाहिजे. जो गृहस्थ मासळीचे कल्ले तपासल्याखेरीज पैसे मोजत नाही, तोच गृहस्थ मुलाच्या हातात पुडा देताना एक अक्षर वाचत नाही. हिरवा ठिपका दिसला की त्याचे समाधान! तो ठिपका आतला माल शाकाहारी आहे एवढेच सांगतो. तो काही डॉक्टरचा दाखला नव्हे. वास्तविक पुड्याला कल्ले आहेत, ते पाठीमागे आहेत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी असा नियमच आहे. म्हणजे पहिली तीन नावे वाचली की अर्धे अंतरंग कळते. मिठाचा आकडाही तिथेच असतो. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डब्यातल्या आणि खारवलेल्या मांसाबद्दल तर तिच्याच कर्करोग संस्थेने २०१५ साली स्पष्ट धोक्याची घंटा वाजवली आहे. आता यावर कोणी म्हणेल, चकली काय आरोग्याचे औषध आहे? मुळीच नाही, तीही तेलातच पोहून येते. पण चकलीला मुहूर्त लागतो, भाजणी लागते, सोऱ्या फिरवणारा दणकट हात लागतो. पुड्याला शाळा सुटल्याची घंटा पुरते.

हिशेब

आता थोडा हिशेब, कारण दिवाळीत वहीपूजनही असते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. म्हणजे किलोला तेवीस. सरकारी मापाने शंभर किलो धानाचा सदुसष्ट किलो तांदूळ धरतात. म्हणजे नुसत्या धानाच्या किमतीने तांदूळ किलोला चौतीस रुपयांच्या आसपास पडला. आता पाच रुपयांच्या पुड्यावरचे वजन पाहा. समजा ते वीस ग्रॅम निघाले, तर तो माल झाला अडीचशे रुपये किलो. मधल्या दोनशे रुपयांत तेल आहे, मसाला आहे, यंत्रे, वाहतूक, दुकानदार, जाहिरातीतला नट, सगळे आहेत. त्यांत शेतकरी नाही आणि बहुधा गोंदियाही नाही. पिकवण्याचे कष्ट इथले, फुगवण्याची कमाई दुसरीकडची. प्रक्रिया वाईट की चांगली, यावर आपण तावातावाने वाद घालतो; तिची मजुरी कोणाच्या पदरात पडते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

घरच्या प्रक्रियेची मजुरी तर कधी कोणी मोजलीच नाही. वैशाखात, विदर्भाच्या त्या उन्हात, तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढून, पहाटे चारला तो घोटून, छतावर कुरड्या घालणारी बाई. सरगुंडे वळणारी, मुगवड्या तोडणारी, पापड लाटणारी बाई. तिच्या हातची चव आठवून आपण उसासे टाकतो. तिच्या कमरेची आठवण कोणी काढत नाही. तिची सून पुडा आणते म्हणून तिला नावे ठेवण्याचा अधिकार, स्वतः कधी सोऱ्या न फिरवलेल्या पुरुषांना तरी नाही.

या दोन्ही मजुऱ्यांचा प्रश्न एकदम सोडवण्याची एक वाट मुंबईत, गिरगावात सापडली होती. १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी एका इमारतीच्या गच्चीवर, उसन्या ८० रुपयांच्या भांडवलावर पापड लाटायला घेतले. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. तेच 'लिज्जत'. पापड तोच, लाटणे तेच, पुडाही आहे. फरक इतकाच, की लाटणारी बाई त्या धंद्याची मालकीण आहे. धानाच्या मुलखात असे का होऊ नये? भट्टी आहे, कणी आहे, उष्णा तांदूळ आहे, बचत गटांच्या बायका आहेत. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्र सरकारने योजनाही आणली. तीत खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, अनुदान ठेवले. राहता राहिले गिऱ्हाईक. ते म्हणजे तुम्ही-आम्ही.

दिवाळीला कोल्हापूर-पुण्याकडची मंडळी महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला येतात. एका दिवसाहून अधिक चालणारा तो प्रवास. अर्ध्या वाटेत घरचा डबा संपतो आणि पुडे फुटू लागतात. गाडीतून उतरल्यावर तरी त्यांच्यापुढे तेच पुडे पुन्हा ठेवू नका. मुर्रा, फुटाणे, शेंगदाणे, वर कच्चा कांदा आणि हिरवी मिरची एवढे पुढे करा; पाहुणा दुसऱ्यांदा मागेल याची हमी आम्ही देतो. आणि पुडाच हवा असेल तर तो जरूर घ्या, पण उलटा करून घ्या. घटक वाचा, मीठ वाचा आणि 'उत्पादक' या शब्दापुढचे गाव वाचा. तिथे सालेकसा, देवरी, आमगाव, तिरोडा यांपैकी एखादे नाव निघाले, तर आम्हाला कळवा. आम्ही दोन पुडे घेऊ!